फुफ्फुसाचे ऑपरेशन आणि छातीतल्या गाठी



मिरज तालुक्यातून आमच्या एका वाचक भगिनीचे चार पानी पत्र आले आहे. वडिलांना फुफ्फुसाचा कॅन्सर निघाला. त्यातल्या त्यात बरे म्हणजे वेळेत निघाला, ऑपरेशन होण्यासारखा आहे. परंतु संमतीच्या कागदावर सही करायची वेळ आली आणि घरात भांडण पेटले. डॉक्टर म्हणाले होते, "छाती उघडल्यावर आधी आतल्या गाठी तपासायला पाठवू. रिपोर्ट तिथेच मागवू आणि मग किती काढायचं ते ठरवू." यावर थोरले बंधू उसळले. "तपासायचं ते आधी तपासा की! माणूस टेबलावर फाडून ठेवून काय तपासता? ह्यांनाच काय ठावं नाही, आपल्यावर शिकणार हे." वडिलांचे तर एकच पालुपद, "कॅन्सरला हवा लागली की पसरतोय, मला घरी न्या." सही राहिली. तारीख दोन आठवडे पुढे गेली. भगिनी विचारते, दादाचे खरे की डॉक्टरांचे?

पत्राला उत्तर खाजगीत देता आले असते. पण हेच भांडण आम्ही गेल्या वर्षी डोळ्यांनी पाहिले आहे, आणि पुढचे दोन आठवडे भर्रकन जातील, म्हणून या अंकातच लिहितो. आम्ही डॉक्टर नव्हे. जे डॉक्टरांना विचारून, वाचून आणि रुग्णाच्या उशाशी बसून कळले तेवढे सांगणार.

आमच्या ओळखीचे एक मामा. मूळचे सातारा जिल्ह्यातल्या कोरेगाव तालुक्यातले. विशीच्या आत मुंबईला गिरणीत बदली कामगार म्हणून लागले आणि १९८२ च्या संपात बाहेर पडले ते पुन्हा आत गेले नाहीत. नंतर सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची पोती उचलण्यात उभा जन्म गेला. बिडी गिरणीच्या दारात लागली ती साठी उलटली तरी सुटली नाही. खोकला होता, पण हमालाच्या खोकल्याकडे कोण बघतो? वजन उतरले आणि एक दिवस थुंकीत रक्ताची रेघ दिसली तेव्हा मामी घाबरल्या.

एका खाजगी दवाखान्यात फोटो काढला. वरच्या बाजूला डाग दिसला. "टीबी आहे," असे सांगून गोळ्या सुरू केल्या. थुंकी तपासली नाही. पाच महिने गोळ्या चालल्या, डाग हलला नाही. हे एकट्या मामांचे नाही. आपल्या देशात फुफ्फुसाच्या कॅन्सरचे कितीतरी रुग्ण आधी टीबीच्या गोळ्या खाऊन मग योग्य दारात पोचतात. क्षयाची आपल्याला सवयच झालेली आहे. सांगली-मिरज रस्त्यावरच्या वॉनलेसवाडीच्या सॅनेटोरियमची आठवण जुन्या माणसांना अजून असेल. छातीचा डाग म्हटले की आपल्या तोंडी आधी टीबीच येतो, आणि तो पुष्कळदा खराही असतो. पण थुंकीत जंतू सापडले नाहीत आणि दीड-दोन महिन्यांच्या गोळ्यांनी डाग जराही उतरला नाही, तर सीटी स्कॅन आणि तुकड्याची तपासणी मागून घ्यावी. मामांचे पाच महिने गेले ते परत आले नाहीत.

आता गाठींकडे येऊ. इथे आपली मराठीच आपल्याला गोत्यात आणते. कॅन्सरचा गोळा, त्यालाही आपण गाठ म्हणतो. आणि शरीरात जन्मापासून असलेल्या लसिका ग्रंथी, त्यांनाही गाठीच म्हणतो. मामांच्या सीटीचा रिपोर्ट वाचून कोणीतरी मामींना सांगितले, "छातीत आणि चार गाठी आहेत." मामींनी अर्थ काढला, चार नवे कॅन्सर. दोन दिवस घरात चूल पेटली नाही. म्हणून या लेखात तरी मूळ रोगाला आम्ही 'गोळा' म्हणू आणि लसिका ग्रंथींना 'गाठी'. डॉक्टर बोलतील तेव्हा त्यांनाही विचारावे, "साहेब, ही गाठ म्हणजे गोळा का ग्रंथी?"

या ग्रंथी आपल्या ओळखीच्याच आहेत. पायात काटा मोडून पिकला की जांघेत अवधाण येते. हाताला जखम झाली की काखेत दुखते. पायातली घाण वर चढू नये म्हणून तिथे नाका आहे आणि नाक्यावर झटापट चालली आहे, म्हणून तो सुजतो. फुफ्फुसालाही असेच नाके आहेत. फुफ्फुसातले पाणी, म्हणजे लस, बारीक नळ्यांतून वाहत या गाठींमधून गाळून पुढे जाते. श्वासातला धूर, काजळी, धूळ तिथे अडकते. चुलीपुढे जन्म काढलेल्या बाईच्या छातीतल्या गाठी काळ्याकुट्ट असू शकतात, मग तिने बिडी कधी हातात धरलेली नसो. आणि गोळ्यातून सुटलेल्या कॅन्सरच्या पेशी याच वाटेने निघतात, म्हणून त्याही पहिल्यांदा इथेच अडकतात.

रस्ता कसा, तर वस्ती, तालुका, जिल्हा असा समजा. फुफ्फुसाच्या आतल्या लहान गाठी म्हणजे वस्तीचा थांबा. फुफ्फुसाच्या मुळाशी, जिथे श्वासनळीची फांदी आत शिरते, तिथल्या गाठी म्हणजे तालुका. दोन फुफ्फुसांच्या मधोमध, मोठी श्वासनळी, अन्ननळी आणि हृदयाच्या आसपासच्या गाठी म्हणजे जिल्हा. त्याच्याही पलीकडे, दुसऱ्या बाजूच्या छातीत किंवा गळ्याच्या हाडावर गाठी धरल्या, तर गाडी जिल्ह्याबाहेर गेली. डॉक्टर यालाच एन शून्य, एन १, एन २, एन ३ म्हणतात. शून्य म्हणजे गाठी कोऱ्या. १ म्हणजे रोग फुफ्फुसाच्या आत किंवा मुळाशी पोचला. २ म्हणजे त्याच बाजूच्या मध्यछातीत पोचला. ३ म्हणजे पलीकडे.

प्रत्येक थांब्याला नंबर आहे, १ पासून १४ पर्यंत. जपानच्या डॉ. नारुके यांनी १९७८ साली असा नकाशा मांडला. तो पुढे सुधारत गेला आणि २००९ मध्ये सर्व जगासाठी एक नकाशा ठरला. त्यामुळे परळच्या डॉक्टरने "७ नंबर" म्हटले काय किंवा टोकियोच्या डॉक्टरने म्हटले काय, जागा तीच. जिथे श्वासनळीच्या दोन फांद्या होतात, त्या बेचक्याच्या खाली.

एसटीची उपमा एका जागी मात्र फसते. रोग प्रत्येक थांब्यावर थांबत जाईलच असे नाही. कधी तो विनाथांबा गाडीसारखा तालुका सोडून थेट जिल्ह्याला उतरतो. वस्तीच्या आणि तालुक्याच्या गाठी कोऱ्या आणि मध्यछातीतली गाठ भरलेली, असे रुग्ण थोडेथोडके नसतात. म्हणून एक-दोन गाठी काढून "स्वच्छ आहे" म्हणता येत नाही. सगळीकडच्या बघाव्या लागतात.

आता थोरल्या बंधूंचा प्रश्न. आधीच का तपासत नाहीत?

तपासतात. आणि आधी तपासायलाच हवे. सीटी स्कॅनमध्ये गाठ आखूड बाजूने १ सेंटिमीटरच्या वर असली की तिच्यावर संशय घेतात. पण मोठी गाठ म्हणजे कॅन्सर नव्हे आणि लहान गाठ म्हणजे निर्दोष नव्हे. पुढची तपासणी पेट स्कॅन. यात साखरेसारखे औषध टोचतात, आणि ज्या पेशी ते अधाशासारखे खातात त्या पडद्यावर पेटलेल्या दिसतात. कॅन्सरच्या पेशी खातात. पण टीबीने सुजलेली गाठही खाते. अमेरिकेच्या पुस्तकात लिहिलेले आपल्याकडे जसेच्या तसे लागू होत नाही ते इथे. आपल्याकडे लहानपणी कधीतरी टीबीचा जंतू छातीत येऊन गेलेली माणसे अमाप. त्यांच्या गाठी कॅन्सर नसतानाही पेटतात.

मामांचे हेच झाले. पेट स्कॅनमध्ये मध्यछातीतल्या दोन गाठी पेटल्या. एका ठिकाणी सांगण्यात आले, "जिल्हा ओलांडला, आता ऑपरेशनचा उपयोग नाही, नुसती केमो घ्या." मामी त्या रात्री आमच्याकडे आल्या. आम्ही म्हटले, एकदा मुंबई बघू.

मुंबईच्या डॉक्टरांनी फिल्म पाहून एकच विचारले, "या गाठीत सुई कोणी घातली होती का?" कोणी घातली नव्हती. मग दुर्बिणीने तोंडातून श्वासनळीत उतरून, टोकाला सोनोग्राफी असलेल्या नळीतून गाठीत सुई घातली. पोट-छाती कुठे कापावी लागली नाही. जुनी पद्धत गळ्याखाली बोटभर छेद घेऊन आत बघण्याची. ती स्वीडनच्या डॉ. कार्लेन्स यांनी १९५९ साली सांगितली आणि सुईने उत्तर मिळाले नाही तर आजही करतात. मामांच्या सुईत कॅन्सरच्या पेशी नव्हत्या. जुन्या टीबीच्या खुणा होत्या. म्हणजे ज्या गाठींवरून ऑपरेशन नाकारले गेले होते त्या गाठी निरपराध होत्या.

हे आम्ही सविस्तर लिहितो, कारण आमच्या मते या सगळ्या लेखातले कामाचे वाक्य हेच आहे. गाठ पेटली म्हणून कोणी ऑपरेशन नाकारत असेल तर विचारा, गाठीचा तुकडा तपासला का? काही वेळा रोग इतका उघड पसरलेला असतो की तुकड्याची गरजच नसते, आणि तसे असेल तर डॉक्टर तसे सांगतीलही. पण विचारण्यात अपमान कोणाचा नाही.

मग सुईने उत्तर मिळाले, तरी टेबलावर पुन्हा तपासायचे कशाला? कारण सुई म्हणजे पोत्यात घातलेली बंबी. मार्केट यार्डातली माणसे हे आमच्यापेक्षा चांगले समजतात. बंबीत चांगला दाणा आला म्हणजे पोतेभर चांगला असे होत नाही. शिवाय काही थांब्यांपर्यंत सुई पोचतच नाही. महारोहिणीजवळच्या डाव्या बाजूच्या ५ आणि ६ नंबरच्या गाठी नेहमीच्या वाटेने हाताशी येत नाहीत. छाती उघडल्यावरच त्या नीट दिसतात.

आणि नुसते बघून, बोटाने चाचपूनही कळत नाही. मुरलेल्या सर्जनलाही नाही. काळी, कडक, दगडासारखी गाठ नुसत्या काजळीची निघते आणि वाटाण्याएवढी मऊ गाठ भरलेली निघते. म्हणून ती काढून पॅथॉलॉजीच्या डॉक्टरांकडे धाडतात. ऑपरेशनच्या खोलीजवळच त्यांची खोली असते. गाठ शून्याखाली साधारण २० अंशांवर क्षणात गोठवतात, केसाहून पातळ चकत्या कापतात, रंग देतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. याला फ्रोझन सेक्शन म्हणतात. वीस-तीस मिनिटांत उत्तर फोनवरून किंवा निरोपाने येते. तोवर सर्जन रिकामे बसत नाहीत, पुढची तयारी चालू असते.

या उत्तरावर काय ठरते? पुष्कळ.

गोळा लहान असेल, २ सेंटिमीटर किंवा कमी आणि कडेला, तर आता फुफ्फुसाचा अख्खा कप्पा न काढता कप्प्याचा तुकडाच काढून चालतो असे दिसून आले आहे. जपानमध्ये अकराशेवर रुग्णांवर झालेला अभ्यास २०२२ साली आणि अमेरिकेतून चाललेला सुमारे सातशे रुग्णांचा अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. दोन्हींचा कौल तोच. ज्याला पोती उचलून पोट भरायचे आहे त्याला वाचलेला प्रत्येक घासभर फुफ्फुस मोलाचा. पण अट एक आहे. गाठी कोऱ्या हव्यात. अमेरिकेच्या अभ्यासात तर टेबलावर गाठी तपासून, त्या कोऱ्या निघाल्यावरच रुग्णाला अभ्यासात घेत. गाठीत रोग निघाला तर तुकड्यावर भागत नाही, सहसा पूर्ण कप्पा काढावा लागतो. हे आधी कागदावर लिहून देणार कसे?

उलट बाजूही आहे. मध्यछातीतल्या गाठींत अनपेक्षित रोग निघाला, पण एकाच ठिकाणी आणि सगळा काढता येण्यासारखा असला, तर बहुधा ऑपरेशन पुरे करतात आणि नंतर औषधे देतात. पण तो अनेक ठिकाणी, चिकटून बसलेला निघाला, तर मोठे फुफ्फुस काढून रुग्णाला पंगू करण्यापेक्षा तिथेच थांबून आधी केमो आणि किरणांचा मार्ग धरणे शहाणपणाचे ठरू शकते. "उघडलं आणि तसंच शिवलं" असे म्हणून आपण डॉक्टरांना नावे ठेवतो. कधीकधी ते शिवणेच रुग्णाच्या हिताचे असते.

छाती उघडल्यावर ठरवणे म्हणजे अडाणीपणा, असे थोरल्या बंधूंना वाटते. त्यांना एक जुनी हकीकत सांगावीशी वाटते. कॅन्सरसाठी संपूर्ण फुफ्फुस एकाच वेळी यशस्वीपणे काढण्याची पहिली गाजलेली शस्त्रक्रिया १९३३ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत सेंट लुई येथे डॉ. इव्हार्ट्स ग्रॅहम यांनी केली. (आपल्या मिरजेला मोठे हॉस्पिटल उभे करणारे डॉ. वॉनलेस त्याच वर्षी वारले.) ग्रॅहम नुसता एक कप्पा काढायला निघाले होते. छाती उघडल्यावर दिसले की गोळा अशा जागी आहे की कप्पा काढून भागणार नाही. त्यांनी टेबलापाशीच निर्णय बदलला आणि पूर्ण फुफ्फुस काढले. तो रुग्ण स्वतः डॉक्टर होता आणि पुढे कितीतरी वर्षे जगला. ग्रॅहम मात्र सिगारेट ओढणारे. सिगारेटने फुफ्फुसाचा कॅन्सर होतो हे दाखविणाऱ्या १९५० सालच्या मोठ्या अभ्यासात त्यांचेच नाव आहे. त्यांनी सिगारेट सोडली, पण उशीर झाला होता. १९५७ साली ते फुफ्फुसाच्या कॅन्सरनेच गेले. रुग्ण मागे राहिला आणि सर्जन गेला. मामांना ही गोष्ट सांगितली तेव्हा ते म्हणाले, "म्हंजे बिडी डॉक्टरलाबी वळखत नाही."

आणि हवा लागण्याचे? श्वास घेतो तशी फुफ्फुसात हवा जन्मापासून लागतेच आहे. हवेने कॅन्सर पसरत नाही. ही समजूत पसरली कारण आपल्याकडे लोक उशिरा जातात. रोग आतून आधीच पसरलेला असतो, ऑपरेशननंतर तो दिसू लागतो, आणि दोष चाकूच्या माथी येतो. या एका गैरसमजाने किती घरांनी माणसे परत नेली असतील!

मामांच्या ऑपरेशनच्या दिवशी आम्ही, मामी आणि साताऱ्याहून आलेली मामांची धाकटी बहीण, आमच्या आक्का, असे तिघे बाहेरच्या बाकावर होतो. सकाळी आठला आत नेले. आक्कांनी भाकरी बांधून आणली होती, ती कोणाला गेली नाही. साडेदहाच्या सुमारास एक तरुण डॉक्टर बाहेर आले, नाव पुकारले. मामींचे पाय लटपटले. ते म्हणाले, "मधल्या गाठी कोऱ्या आल्या. आम्ही पुढं जातोय. उजवीकडचा वरचा कप्पा काढू." एवढेच, आणि आत गेले. मामींना कोऱ्या म्हणजे काय ते कळले नाही. आक्का म्हणाल्या, "वैनी, कोरी म्हंजे चांगलीच की. कोऱ्या कागदावर काय लिवलेलं नसतं."

ऑपरेशन पार पडले. पण हिशेब तिथे संपत नाही, हे आम्हांलाही तेव्हा माहीत नव्हते. फ्रोझनमध्ये गाठीची एखादी-दुसरी चकती बघतात. ती घाईची परीक्षा. खरी परीक्षा नंतर. काढलेला कप्पा आणि सगळ्या गाठी औषधात मुरवून, मेणाच्या ठोकळ्यांत बसवून, एकेक करून तपासतात. त्याला आठवडा ते दोन आठवडे लागतात. बारा दिवसांनी मामांचा कागद आला. त्यावर शेवटी लिहिले होते, पीटी २ए, पीएन १. वर गाठींचा तक्ता. एकूण १८ गाठी तपासल्या, १७ कोऱ्या, फुफ्फुसाच्या मुळाजवळच्या एका गाठीत रोग. मध्यछातीतल्या कोऱ्याच राहिल्या.

हा तक्ता वाचायला शिकावे. प्रत्येक नंबरापुढे अपूर्णांकासारखे दोन आकडे असतात. खालचा आकडा किती गाठी तपासल्या तो आणि वरचा किती गाठींत रोग निघाला तो. शून्य छेद चार म्हणजे चारही कोऱ्या. आपण वरचा आकडा बघतो आणि हायसे वाटते. पण खालचाही बघा. मध्यछातीतल्या निदान तीन ठिकाणच्या गाठी, त्यांत बेचक्याखालची ७ नंबरची, आणि शिवाय फुफ्फुसाच्या मुळाच्या व आतल्या गाठी तपासलेल्या असाव्यात, असा संकेत आहे. दोनच गाठी काढून "एन शून्य" लिहिलेले असेल, तर ते बघितलेच नाही म्हणून सापडले नाही अशातले असू शकते. सगळ्या गाठी मुळापासून उपसाव्यात की प्रत्येक ठिकाणची थोडी थोडी घ्यावी, यावर डॉक्टरांत वाद आहे. अमेरिकेत हजारावर रुग्णांवर झालेल्या आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, रोग लवकरच्या टप्प्यात असेल आणि नमुने नीट घेऊन ते कोरे निघाले असतील, तर पुढे उपसण्याने आयुष्य वाढले नाही. पण त्याच अभ्यासात, नमुने कोरे आल्यावरही उपसलेल्या गाठींत शंभरात चार जणांना लपलेला रोग निघालाच. एक गाठ कुठे लपेल सांगता येत नाही. अलीकडे हिरवे औषध टोचून, खास कॅमेऱ्याखाली पहिली गाठ कोणती ती चमकवून शोधण्याचे प्रयोग चालले आहेत. फुफ्फुसाच्या बाबतीत ती अजून रोजची पद्धत झालेली नाही.

त्या एका गाठीने मामांचे पुढचे सहा महिने ठरवले. गाठी कोऱ्या असत्या तर त्यांच्या एवढ्या गोळ्याला बहुधा नुसती देखरेख पुरली असती. एक गाठ भरली, म्हणून केमोचे चार डोस, दर तीन आठवड्यांनी. मामा बिथरले. "कापून काढलंय म्हणता, मग इख कशापायी?" प्रश्न रास्त होता. डॉक्टरांनी खोटी आशा दाखवली नाही हे आम्हांला आवडले. २००८ साली साडेचार हजारांवर रुग्णांचे आकडे एकत्र करून काढलेला हिशेब त्यांनी सांगितला. ऑपरेशननंतर अशी केमो दिली तर पाच वर्षांनी हयात असणाऱ्यांची संख्या शंभरात साधारण पाचाने वाढते. पाच म्हणजे थोडे की फार? यार्डात पाच टक्क्यांसाठी आडत्याशी दिवसभर घासाघीस करणारे मामा गप्प झाले. शिवाय गोळ्यातल्या पेशींची जनुकीय तपासणीही पाठवली. विशिष्ट बदल निघाला तर रोजच्या गोळीचे औषध देता येते. २०२० पासून ऑपरेशननंतरही त्याचा उपयोग दिसून आला आहे. मामांच्यात तो निघाला नाही. ती गोळी महागही फार आहे.

पैशाचे थोडे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरची ऑपरेशने, केमो आणि किरणे बसतात आणि आता एका कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे संरक्षण आहे. रेशन कार्ड आणि आधार घेऊन हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला दाखल होण्याआधी भेटा. बिल झाल्यावर धावून उपयोग नाही. रेल्वेत डॉक्टरचा दाखला असेल तर कॅन्सरच्या रुग्णाला उपचाराच्या प्रवासाला स्लीपरचे भाडे पडत नाही आणि सोबत्याला ७५ टक्के सूट मिळते. कोयना आणि महालक्ष्मी दोन्ही गाड्या मिरज, सांगली, कराड, सातारा करत मुंबईला जातात. परळचे टाटा हॉस्पिटल १९४१ सालचे, आणि आपल्या भागातल्या गिरणी कामगारांच्या चाळी त्याच्या अवतीभवती होत्या. जुन्या माणसांना तो रस्ता पाठ आहे. मुक्कामाला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा टाटाच्या रुग्णांना स्वस्तात जागा देते, फक्त गर्दी असते. मिरज, कराड, सातारा इथेही आता कॅन्सरवर उपचार होतात, केमोचे डोस तरी जवळ घेता येतात का ते विचारावे. मामांनी पुढचे डोस इकडेच घेतले. मुंबईच्या खेपा वाचल्या.

आणखी एक. स्लाईड आणि मेणाचे ठोकळे हे रुग्णाचे आहेत. दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यायचे असेल तर सही करून ते मागून घेता येतात. एका लॅबने मामांच्या बायोप्सीचे ठोकळे द्यायला "साहेब नाहीत" म्हणून आम्हांला तीन दिवस फिरवले. चौथ्या दिवशी अर्ज लिहून, त्याची पोच मागितली, तेव्हा साहेब सापडले.

आता पत्र लिहिणाऱ्या भगिनीस. ताई, दादांना बरोबर घेऊन ऑपरेशनच्या डॉक्टरांकडे पुन्हा जा. भांडायला नव्हे, विचारायला. पेट स्कॅनमध्ये गाठी पेटल्या होत्या का, पेटल्या असल्यास सुई घातली का. तुमच्या हॉस्पिटलात फ्रोझनची सोय आहे ना. गाठी कोऱ्या आल्या तर किती काढणार आणि भरलेल्या आल्या तर काय करणार. ही दोन्ही उत्तरे ते आधीच देऊ शकतील आणि ती कागदावर लिहून घ्या. म्हणजे मधे कोणी बाहेर येऊन नाव पुकारले तर तुमचे पाय लटपटणार नाहीत. वडिलांना सांगा की बिडी आजपासून बंद. ऑपरेशनआधीचे दोन आठवडेही कारणी लागतात, फुगे फुगवायचा श्वासाचा व्यायाम सुरू करायला डॉक्टर सांगतीलच. आणि दादांवर रागावू नका. माणूस घाबरला की त्याला आधी राग येतो. आमच्या मामींचा थोरला मुलगाही असाच ओरडला होता, आणि ऑपरेशननंतर सतरा रात्री वॉर्डात खाली चटई टाकून तोच झोपला.

मामांचा चौथा डोस गेल्या महिन्यात झाला. केस गेलेत, तोंडाला चव नाही. दर तीन-चार महिन्यांनी तपासणीला जायचे आहे. परवा आम्ही भेटायला गेलो तर रिपोर्टचा कागद उलगडून बसले होते. वाचता येते पण चष्मा नव्हता. म्हणाले, "त्या अठरातली ती एक कुठली, बोट लावून दावा बरं." आम्ही ११ नंबरावर बोट ठेवले. बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिले आणि मग मामींना म्हणाले, "चा टाक."